मसुद्यात होतं, राजपत्रात नव्हतं

५ मार्च २०२० च्या गुरुवारी संध्याकाळी येस बँकेवर मोरॅटोरियम, म्हणजे व्यवहारांवर तात्पुरता निर्बंध, लागला. एका ठेवीदाराला ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येणार नाही, असं फर्मान निघालं. दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह बँकेनं बँकेच्या पुनर्रचनेचा मसुदा जाहीर केला आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या, सोमवारपर्यंत. मध्ये शनिवार-रविवार, आणि सोमवारी होळी. ज्यांचे पैसे अडकले होते ते एटीएमसमोर उभे होते. मसुदा वाचून कलमवार हरकत लिहायला त्या तीन दिवसांत कोणाला सवड असणार?

मसुद्यात एक छोटंसं कलम होतं. बँकेनं काढलेले ॲडिशनल टियर-१, म्हणजे एटी-१ रोखे पूर्णपणे आणि कायमचे निर्लेखित केले जातील, म्हणजे पुसले जातील, असं त्यात म्हटलं होतं. १३ मार्चला केंद्र सरकारनं योजना मंजूर केली, राजपत्रात छापली. त्या छापील योजनेत हे कलम नव्हतं. आणि १४ मार्चला, शनिवारी, बँकेवर नेमलेल्या प्रशासकानं शेअर बाजारांना कळवलं, की ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे निर्लेखित झाले आहेत.

मसुद्यात होतं, राजपत्रात नव्हतं, तरी पैसे गेले. पुढची सगळी कोर्टबाजी या एका विसंगतीवर उभी आहे.

हे रोखे ही तशी धोक्याचीच चीज. त्यांना मुदत नसते, व्याज इतर रोख्यांपेक्षा चढं असतं आणि बँक तगणार नाही अशी वेळ आली तर मुद्दल शून्यावर आणण्याची अट त्यांच्या करारातच असते. २००८ च्या जागतिक अरिष्टानंतर आलेल्या बाझल-३ नियमांनी ही तरतूद जगभर रुजवली. बुडणाऱ्या बँकेचा भार करदात्यावर पडण्याआधी जास्त व्याज खाणाऱ्यांनी सोसावा, असा त्यामागचा विचार. म्युच्युअल फंडांच्या व्यवस्थापकांना हे पाठ असतं. पण येस बँकेचे रोखे त्यांच्यापुरते राहिले नाहीत. सेबीच्या चौकशीत १,३४६ व्यक्तींनी ते घेतल्याचं दिसलं, गुंतवणूक सुमारे ६७९ कोटींची. त्यातले बहुतेक बँकेचेच खातेदार, आणि २७७ जणांनी तर मुदत ठेवी मोडून सुमारे ८० कोटी त्यात घातले होते. एप्रिल २०२१ मध्ये सेबीनं बँकेला २५ कोटींचा दंड ठोठावला. बँक अपिलात गेली आणि दंडाला स्थगिती मिळाली. ठेव मोडून रोखे घेणाऱ्याला कराराच्या कुठल्याशा पानावरचं ते शून्य कोणी दाखवलं होतं का, हा प्रश्न मात्र दंडाच्या रकमेपेक्षा मोठा आहे.

२० जानेवारी २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयानं हे निर्लेखन रद्द केलं. न्यायालयाचा तर्क फारसा गुंतागुंतीचा नव्हता. मंजूर झालेल्या योजनेत रोखे पुसण्याची तरतूद नाही. १३ मार्चला बँकेची पुनर्रचना झाली, त्यानंतर एवढा मोठा धोरणात्मक निर्णय घेण्याचा अधिकार प्रशासकाकडे उरत नाही. बँक आणि रिझर्व्ह बँक यांचं म्हणणं वेगळं होतं. रोख्यांच्या करारातच ही अट आहे, त्यासाठी योजनेत वेगळं कलम लागतंच कशाला? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात दम आहे. अपील करता यावं म्हणून उच्च न्यायालयानं स्वतःच्या निकालाला सहा आठवड्यांची स्थगिती दिली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही स्थगिती मिळाली.

हा वाद येस बँकेपुरता नाही. देशातल्या बुडत्या बँका सावरण्याची जी पद्धत गेली साठहून जास्त वर्षं चालत आली आहे, तिच्या मुळाशी तो आहे. ही पद्धत बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ मध्ये आहे आणि तिची एक मुळी थेट विदर्भात जाते.

१९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्याच वर्षी ८ ऑगस्टला रिझर्व्ह बँक केरळच्या पलाई सेंट्रल बँकेचं अवसायन करा असा अर्ज घेऊन तिथल्या उच्च न्यायालयात गेली. दोन बँका एका वर्षात बुडाल्यावर ठेवीदारांमध्ये घबराट पसरली आणि सरकारला जाग आली. ठेव विम्याचा कायदा झाला, १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदाराच्या १,५०० रुपयांना संरक्षण मिळालं. त्याआधीच, १९६० मध्येच, बँकिंग कायद्यात दुरुस्ती होऊन रिझर्व्ह बँकेच्या हाती एक जबर हत्यार आलं होतं. कमजोर बँकेवर मोरॅटोरियम लावायचा, सक्तीच्या विलीनीकरणाची योजना आखायची, सरकारची मंजुरी घ्यायची, राजपत्रात छापायची. छापली की भागधारक, ठेवीदार, धनको, कर्मचारी, सगळ्यांवर ती बंधनकारक. या योजनेत ठेवीदारांचे आणि भागधारकांचे हक्क कमी करण्याची मुभाही कायदा देतो. हे हत्यार आणि त्याचा धाक यांनी बँकांची गर्दी झपाट्यानं ओसरली. १९५१ मध्ये देशात ५६६ बँका होत्या, १९६९ पर्यंत ८९ उरल्या.

पलाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६२ मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकारावर शिक्कामोर्तब केलं, दोघांनी विरोधात मत दिलं. नियामकाला घाईनं निर्णय घ्यावे लागतात हे तिघांना पटलं. दोघांना त्या घाईत बँकेचं म्हणणं चिरडलं जातंय असं वाटलं. तीन विरुद्ध दोन हा हिशेब तेव्हापासून या विषयाला चिकटून आहे.

ज्यांच्या जिवावर बेतलं त्यांचं आधी ऐकून घ्यायचं की नाही, यावर सर्वांत ठाम निकाल आला तो ठेवीदारांच्या नव्हे, नोकरदारांच्या भांडणात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हिंदुस्थान कमर्शियल बँक पंजाब नॅशनल बँकेत, बँक ऑफ कोचीन स्टेट बँकेत आणि लक्ष्मी कमर्शियल बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. (अकोल्याची लक्ष्मी, दिल्लीची लक्ष्मी कमर्शियल आणि पुढे करूरची लक्ष्मी विलास; या कलमाच्या इतिहासाची लक्ष्मीवर काही खास मर्जी दिसते.) तिन्ही योजनांच्या परिशिष्टात काही कर्मचाऱ्यांची नावं होती. संशयास्पद कर्जांत त्यांचा हात आहे असं मानून त्यांना नव्या बँकेत घ्यायचं नाही असं ठरलं होतं. नोटीस नाही, चौकशी नाही, बाजू मांडायची संधी नाही. नोकरी गेल्याचं त्यांना योजनेतूनच कळलं.

सरकार आणि रिझर्व्ह बँकेचा बचाव असा, की योजना करणं हे कायदा करण्यासारखं काम आहे, त्यात एकेकाचं ऐकायचं बंधन नाही. १९८७ मध्ये के. आय. शेफर्ड खटल्यात न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांच्या खंडपीठानं हा बचाव फेटाळला. नैसर्गिक न्याय इथेही लागू होतो, निर्णय घेऊन झाल्यावर केलेली सुनावणी पुरेशी नाही, कारण एकदा निर्णय झाला की तो उचलून धरण्याकडेच कल असतो, असं न्यायालयानं सांगितलं. माणसांना परत घ्या, मग कारवाई करायची तर नियमानं करा, असा आदेश झाला.

कर्मचाऱ्यांपुरतं ते ठीक झालं. भागधारकाचं आणि रोखेधारकाचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

साताऱ्यात हा प्रश्न २००६ च्या गणेशोत्सवात उभा राहिला. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ मध्ये स्थापलेली युनायटेड वेस्टर्न बँक ही पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची, व्यापाऱ्यांची आणि शाळामास्तरांची बँक. थकीत कर्जांनी भांडवल खाऊन टाकलं आणि गणपती बसलेले असताना, २ सप्टेंबरला, तिच्यावर मोरॅटोरियम आला. बँक घ्यायला अनेकजण पुढे आले, राज्य सरकारनंही सिकॉम या वित्तसंस्थेच्या मार्फत रस दाखवला. अखेर ३ ऑक्टोबरपासून ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ‘आपली’ बँक गेल्याची हळहळ साताऱ्यात बरेच दिवस होती. हिशेबाच्या बाजूनं पाहिलं तर मात्र भागधारक नशीबवान ठरले. त्यांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले, ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले.

दोनच वर्षं आधी ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या भागधारकांना काय मिळालं होतं? काहीच नाही. २४ जुलै २००४ ला मोरॅटोरियम, १४ ऑगस्टला ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीनीकरण, शेअरची किंमत शून्य. दोन्ही बँकांना लागलेलं कलम एकच. एकीत बोली लावणारे बरेच होते, दुसरीत तीन आठवड्यांत एक सरकारी बँक पुढे करण्यात आली. खासगी भागधारकाला यातून एवढंच शिकता आलं, की आपल्याला काय मिळणार हे ताळेबंदाइतकंच त्या आठवड्यात कोण गिऱ्हाईक मिळालं यावरही ठरतं.

लक्ष्मी विलास बँकेनं हा धडा आणखी कडू केला. १९२६ मध्ये तामिळनाडूतल्या करूरला सुरू झालेली ही बँक भांडवलासाठी दारोदार फिरत होती. इंडियाबुल्स हाउसिंगमध्ये मिसळून जाण्याचा तिचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१९ मध्ये फेटाळला. २०२० च्या दिवाळीत भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १७ नोव्हेंबरला, मोरॅटोरियम आला. खात्यातून २५ हजारांची मर्यादा. सिंगापूरच्या डीबीएसच्या भारतीय उपकंपनीत विलीनीकरणाचा मसुदाही त्याच दिवशी आला. हरकतींची मुदत २० नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत. २७ नोव्हेंबरला बँक डीबीएसची झाली होती. डीबीएसनं २,५०० कोटी आणायचे, भागधारकांना शून्य.

विलीनीकरणाच्या आदल्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून लक्ष्मी विलासचे ३१८.२० कोटींचे टियर-२ रोखे पुसून टाकण्यात आले. टियर-२ म्हणजे एटी-१ पेक्षा एक पायरी सुरक्षित मानला जाणारा प्रकार. भारतात ते असे पुसले जाण्याची ही पहिलीच वेळ. भागधारक आणि रोखेधारक वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गेले. मुंबई उच्च न्यायालयानं विलीनीकरण रोखायला नकार दिला. मद्रास उच्च न्यायालयानंही ते थांबवलं नाही, पण शेअरच्या दर्शनी मूल्याइतकी तरतूद बाजूला ठेवायला डीबीएसला सांगितलं, उद्या भरपाई द्यावी लागली तर असावी म्हणून.

रिझर्व्ह बँकेची बाजू इथे नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. बँक ही उतरणीला लागलेल्या गाडीसारखी असते, ब्रेक लावायला वेळ लागला की थांबवणं हाताबाहेर जातं. सप्टेंबर २०१९ अखेर येस बँकेत २.०९ लाख कोटींच्या ठेवी होत्या, ५ मार्च २०२० ला त्या १.३७ लाख कोटींवर आल्या होत्या. मोरॅटोरियम लागण्याआधीच माहीतगार ठेवीदार बाहेर पडले होते. अशा वेळी भागधारकांच्या सभा, मूल्यांकनाचे अहवाल आणि हरकतींवर महिनाभराची सुनावणी चालवली तर शेवटी वाचवायला काही उरणार नाही. तीन दिवसांची मुदत नियामकाच्या उर्मटपणातून आली, असं म्हणणं सोपं आहे आणि अन्यायकारकही. खरी तक्रार वेगळी आहे. मुदत तीन दिवसांची असेल तर निदान मसुदा, मंजूर योजना आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी या तिन्हींत एकच गोष्ट लिहिलेली असावी. येस बँकेत ती नव्हती, आणि उच्च न्यायालयानं बोट ठेवलं ते नेमकं तिथेच.

सहकारी बँकांची गोष्ट याहून जीवघेणी. २०२० पर्यंत कलम ४५ त्यांना लागूच नव्हतं. सहकारी बँक अडचणीत आली की कलम ३५-अ खाली निर्बंध घालायचे आणि वर्षानुवर्षं मुदतवाढ देत राहायचं, एवढंच चालायचं.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेली, सात राज्यांत १३७ शाखा, ११,६०० कोटींहून अधिक ठेवी. २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा सहा महिन्यांत खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील, असा हुकूम होता. बँकेच्या एकूण कर्जातलं सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेलं होतं आणि ते लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली होती. नियामकाला हे वर्षानुवर्षं दिसलं नाही. ठेवीदारांचा संताप समजण्यासारखा होता. ती एक हजाराची मर्यादा दहा हजार, पंचवीस, चाळीस, पन्नास हजार अशी वाढत जून २०२० मध्ये एक लाखावर गेली.

याच काळात कायदा बदलला. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. त्याच वर्षी कलम ४५ सहकारी बँकांना लागू झालं. सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूदही अमलात आली. पीएमसीला घ्यायला सेंट्रम आणि भारतपे यांची नवी युनिटी स्मॉल फायनान्स बँक पुढे आली. मसुदा २२ नोव्हेंबर २०२१ ला आला, हरकतींना १० डिसेंबरपर्यंत अवधी मिळाला. इथे तरी आठवडे मिळाले. २५ जानेवारी २०२२ ला योजना लागू झाली.

योजना वाचताना दमछाक होते. किरकोळ ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विमा महामंडळाकडून. त्यावर पहिल्या वर्षाअखेर ५० हजार, दुसऱ्या वर्षाअखेर आणखी ५० हजार, तिसऱ्या वर्षी एक लाख, चौथ्या वर्षी अडीच, पाचव्या वर्षी साडेपाच लाख. म्हणजे जानेवारी २०२७ पर्यंत जास्तीत जास्त १५ लाख. उरलेलं दहा वर्षांनी, २०३२ मध्ये. ३१ मार्च २०२१ नंतर व्याज थांबलं; पाच वर्षांनंतर उरलेल्या रकमेवर वर्षाला २.७५ टक्के. निवृत्तीचे वीस लाख एकाच बँकेत ठेवणारा साठीतला माणूस शेवटचा हप्ता घेईल तेव्हा सत्तरीत असेल.

संस्थात्मक ठेवीदारांना याहून वाईट वागणूक मिळाली. विम्यापलीकडच्या त्यांच्या ठेवीचे ८० टक्के बिनमुदतीच्या अग्रहक्क समभागांत बदलले, लाभांश एक टक्का. उरलेल्या २० टक्क्यांचे इक्विटी वॉरंट. संस्थात्मक म्हटलं की डोळ्यांपुढे मोठ्या कंपन्या येतात. इथे त्यांत पतसंस्था आणि गृहनिर्माण सोसायट्याही होत्या. पतसंस्थेचा पैसा म्हणजे तिच्या सभासदाचाच पगारातून कापलेला पैसा, सोसायटीचा निधी म्हणजे इमारत दुरुस्तीसाठी साठवलेले महिन्याचे पैसे. विशेष म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांच्या ठेवीही पीएमसीत अडकल्या होत्या. नियामकाच्या घरातल्यांनाही बँकेच्या आतला काळोख दिसला नव्हता, एवढं त्यातून कळतं.

पुण्याच्या रुपी बँकेला तर ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची नवी तरतूदच नडली. १९१२ ची बँक, फेब्रुवारी २०१३ पासून निर्बंधांत. सारस्वत बँकेनं तिला घ्यायची तयारी दाखवली होती. पण विमा महामंडळानं पाच लाखांच्या आतल्या ठेवीदारांना सुमारे ७०० कोटी वाटले आणि विलीनीकरणाचा हिशेबच बिघडला, कारण बँक घेणाऱ्याला ते पैसे महामंडळाला परत करावे लागले असते. ऑगस्ट २०२२ मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला. छोट्या ठेवीदाराला लवकर पैसे मिळावेत म्हणून केलेल्या कायद्यानं मोठ्या ठेवीदाराची आशा संपवली. यात कोणाचं वाईट धोरण शोधण्यात अर्थ नाही, दोन्ही हेतू चांगले होते आणि एकमेकांच्या आड आले.

स्वेच्छेनं होणारी विलीनीकरणं वेगळ्या रस्त्यानं जातात. तिथे भागधारकांचं मतदान होतं, असहमत भागधारकाला रिझर्व्ह बँकेनं ठरवलेल्या किमतीला बाहेर पडण्याचा हक्क असतो. सारस्वतनं ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईची न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक घेतली ती अशाच मार्गानं. एचडीएफसी आणि एचडीएफसी बँक यांचं जुलै २०२३ मधलं विलीनीकरण हा तर नियमपालनाचा महायज्ञ होता; रिझर्व्ह बँक, सेबी, स्पर्धा आयोग, कंपनी न्यायाधिकरण, विमा नियामक अशा किती दारांवर टकटक झाली. राखीव निधीच्या अटींत सवलत मागितली ती नाकारली गेली, अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जांसाठी मात्र टप्प्याटप्प्याची मुदत मिळाली. वाद होते, पण ते पत्रव्यवहारात मिटले. ज्याच्याकडे वेळ आणि वकील दोन्ही असतात त्याचे वाद बहुधा तिथेच मिटतात.

वेळ नसणाऱ्यांसाठी वेगळी यंत्रणा उभारायचा एक प्रयत्न झाला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये लोकसभेत वित्तीय निराकरण आणि ठेव विमा विधेयक आलं. बुडत्या वित्तसंस्थांसाठी स्वतंत्र महामंडळ, नुकसान कोणी कोणत्या क्रमानं सोसायचं याचा आराखडा, असं बरंच त्यात होतं. पण त्यातल्या ‘बेल-इन’ तरतुदीची बातमी पसरली, ठेवीचं शेअरमध्ये रूपांतर होणार म्हणून घराघरांत धास्ती बसली आणि वर्षभरात सरकारनं विधेयक मागे घेतलं. त्यानंतर सुमारे साडेतीन वर्षांनी पीएमसीच्या संस्थात्मक ठेवींचं अग्रहक्क समभागांत रूपांतर झालं. ज्या गोष्टीच्या भीतीनं विधेयक गेलं ती जुन्या कलम ४५ खाली, वेगळ्या निराकरण कायद्याशिवाय घडली. फरक इतकाच, की विधेयकात क्रम आधी छापलेला असता आणि संसदेत त्यावर वाद झाला असता.

स्वित्झर्लंडलाही याच वळणावर ठेच लागली. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्विस ही बँक घाईघाईनं यूबीएसच्या ताब्यात दिली गेली. भागधारकांना काहीतरी मिळालं आणि सुमारे १६ अब्ज फ्रँकचे एटी-१ रोखे मात्र शून्यावर आले. नुकसानीची पायरी उलटी झाली म्हणून जगभरातले रोखेधारक न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयानं ते निर्लेखन बेकायदा ठरवलं आणि प्रकरण वरच्या न्यायालयाकडे निघालं. येस बँकेच्या वकिलांनी आणि रोखेधारकांच्या वकिलांनी तो निकाल बारकाईनं वाचला असणार. एकांना त्यात धोका दिसला असेल, दुसऱ्यांना उद्याच्या युक्तिवादाचा मसुदा.